धास्ती पुढच्या झटक्याची

मुंबईची विरार फास्ट लोकल अंधेरी सोडली की थेट बोरिवलीला थांबते. मधली पंधराएक मिनिटं उतरायची सोय नाही. बाकीचा डबा ही पंधरा मिनिटं मोबाइलमध्ये डोकं घालून किंवा उभ्या उभ्या पेंगत काढतो. ज्याला या पट्ट्यात एकदा पॅनिक अटॅक, म्हणजे एकाएकी उसळणाऱ्या भीतीचा झटका, येऊन गेला आहे, तो मात्र न थांबता मागे पडणारी स्टेशनं एकेक करून मोजत असतो. जोगेश्वरी गेलं, गोरेगाव गेलं, मालाड आलं.

असा एक माणूस आपण धरून चालू. तो काल्पनिक आहे, पण त्याच्या बाबतीत जे घडतं ते डॉक्टरांना नेहमी पाहायला मिळतं. वय तिशी-पस्तिशीचं, नोकरी चर्चगेटला, घर बोरिवलीला. बोरिवलीकराने विरार गाडीत चढणं हा तसा गुन्हाच, पण त्या दिवशी त्याला घाई होती. आदल्या दोन रात्री झोप नीट नाही, डबा अर्धवट खाल्लेला, पोटात तिसरा चहा. डब्यात हात खाली घ्यायला जागा नाही. अंधेरी सुटते आणि त्याच्या छातीत एक ठोका चुकतो.

असा ठोका अधूनमधून बहुतेकांचा चुकतो. जागरण आणि चहा-कॉफी झाली तर आणखी चुकू शकतो, आणि बहुतेक वेळा आपल्याला ते कळतही नाही. याला कळलं. इथून पुढचं अर्ध मिनिट सावकाश पाहायला हवं, कारण सगळा घोळ तेवढ्यात होतो.

मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आतल्या अंगाला बदामाएवढा एकेक भाग असतो, त्याला अमिग्डाला म्हणतात. धोक्याची चाहूल घेणं हे त्याचं एक मोठं काम. विचार करणारा मेंदू अजून ‘काय झालं?’ म्हणतोय तोवर अमिग्डालाकडून पुढे इशारा गेलेला असतो. मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात आणि शरीर पळायच्या किंवा दोन हात करायच्या तयारीला लागतं. हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये या तयारीचं सविस्तर वर्णन केलं. हृदय जोरात धडधडतं, कारण मांड्यांच्या आणि दंडांच्या स्नायूंना जादा रक्त हवं असतं. ते रक्त त्वचेकडून आणि पोटाकडून वळवलं जातं, म्हणून हात गार पडतात, चेहरा उतरतो आणि पोटात गोळा येतो. शरीर तापणार हे धरून घाम आधीच सुटतो. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, आणि डब्यातले दिवे एकाएकी डोळ्यांत खुपायला लागतात.

मागे वाघ लागला असता तर यातलं काहीच आपल्या लक्षात आलं नसतं, आपण पळालो असतो. गाडीत वाघ नाही आणि पळायला जागाही नाही. सगळी तयारी झाली, पण कशासाठी, ते दिसत नाही. मग लक्ष आत वळतं.

त्यात श्वासाची भानगड असते आणि तीच लोकांना सगळ्यात कमी माहीत असते. घाबरलेला माणूस भराभर आणि वरवर श्वास घेतो. त्यामुळे शरीरात ऑक्सिजन फारसा वाढत नाही, तो आधीच भरपूर असतो. कोविडच्या काळात घराघरांत आलेलं ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर या माणसाला लावलं, तर ते निवांत ९८ किंवा ९९ दाखवील. भराभर श्वासाने कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. आपण त्याला टाकाऊ वायू समजतो, पण रक्ताची आम्लता त्याच्यावर सांभाळली जाते. तो घटला की रक्त थोडं अल्कलीकडे झुकतं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आक्रसतात, त्यामुळे डोकं हलकं होतं, गरगरतं. रक्तातलं वापरात असलेलं कॅल्शियम कमी होतं, त्यामुळे बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, कधी कधी बोटं आखडून वाकडी होतात. आणि गंमत अशी, की इतका श्वास घेऊनही माणसाला वाटतं, श्वास पुरत नाही. म्हणून तो आणखी जोरात घेतो.

धडधड, घाम, गरगर, मुंग्या, छातीवर दाब, श्वास अपुरा. ही यादी आपल्याकडच्या कुठल्याही सुशिक्षित माणसासमोर ठेवा, तो एकच निदान सांगेल. आपल्या माणसानेही तेच केलं: हार्ट अटॅक. काहींना वाटतं आपण चक्कर येऊन पडणार. काहींना आजूबाजूचं सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं भासतं आणि वेड लागतंय अशी खात्री पटते. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकची जी मांडणी केली, तिचं मर्म इथेच आहे. शरीरातल्या निरुपद्रवी खुणांचा अर्थ ‘मी आत्ता मरणार’ असा लावला जातो. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने त्याच खुणा तीव्र होतात, आणि तीव्र झालेल्या खुणा त्या अर्थाला पुरावा ठरतात. चक्र एकदा फिरलं की त्याला बाहेरच्या कारणाची गरज उरत नाही.

ते थांबतं मात्र आपोआप. रक्तातलं ॲड्रिनलिन काही मिनिटांत निकामी होत जातं आणि शरीराला शांत करणारी मज्जासंस्थेची दुसरी बाजू कामाला लागते. बहुतेक झटके दहा मिनिटांच्या आत कळसाला पोचतात आणि मग उतरू लागतात. पडण्याची भीतीही बहुधा खोटी असते, कारण शुद्ध हरपते ती रक्तदाब घसरल्याने, आणि झटक्यात तो उलट चढलेला असतो. याला अपवाद रक्त किंवा सुई पाहून घाबरणाऱ्यांचा. त्यांचा रक्तदाब आधी चढून मग खरोखर कोसळतो, म्हणून रक्त तपासायला गेल्यावर ‘मी आडवं होऊन देतो’ म्हणणाऱ्याला हसू नये.

बोरिवली येतं. आपला माणूस फलाटावरच्या बाकावर बसतो. कोणीतरी पाणी देतं, कोणी कांदा हुंगवायची गोष्ट काढतं, एक काकू पर्समधून साखरेची पुडी काढतात. पाच मिनिटांत त्याला बरं वाटतं. खरं तर झटका तसाही उतरणीला लागला होता, गाडी विरारपर्यंत गेली असती तरी उतरला असता. पण हे त्याला कुठून कळणार? त्याच्या मेंदूने नोंद केली ती अशी: गाडीत मरत होतो, उतरलो म्हणून वाचलो.

या लेखात सांगण्यासारखी एकच गोष्ट असेल तर ती ही नोंद. पंचवीस देशांत मिळून एक लाख चाळीस हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखती घेऊन झालेल्या एका पाहणीत, आयुष्यात कधी ना कधी पॅनिक अटॅक येऊन गेलेले लोक १३ टक्क्यांच्या आसपास निघाले. ज्याला आजार म्हणता येईल अशा थराला गेलेले मात्र दोन टक्क्यांपेक्षाही कमी. म्हणजे ज्यांना झटका आला त्यांतले बहुतेक जण ‘काय ते विचित्र झालं बुवा’ म्हणून दुसऱ्या दिवशी कामाला लागले. उरलेल्यांचं आयुष्य बदललं, आणि ते बदललं झटक्याच्या दहा मिनिटांनी कमी, त्या नोंदीवर पुढे रचलेल्या बंदोबस्ताने जास्त.

बंदोबस्त सुरू होण्याआधी एक दवाखान्याची फेरी होते, आणि ती व्हायलाच हवी. छातीत पहिल्यांदा असं काही झालं, तर ‘पॅनिकच असेल’ असं घरच्या घरी ठरवणं हा मूर्खपणा आहे. आधी ईसीजी, मग मानसशास्त्र. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये हार्ट अटॅकची लक्षणं अनेकदा नेहमीपेक्षा वेगळी असतात. शिवाय थायरॉइड वाढलेला असणं, रक्त कमी असणं, साखर उतरणं, यांतही धडधड आणि घाम असतोच. आपल्या माणसाचा ईसीजी, टू-डी इको, रक्त, सगळं नॉर्मल येतं. डॉक्टर हसून म्हणतात, “काही नाही, टेन्शन घेऊ नका.” हे वाक्य चांगल्या हेतूने म्हटलं जातं आणि मोठं नुकसान करून जातं. ज्याला मरण समोर दिसलं त्याला ‘काही नाही’ कसं पटेल? तो बाहेर पडतो तो एवढंच समजून, की आपल्याला काय झालंय ते यांनाही सापडलं नाही. दोन महिन्यांत तो दुसऱ्या डॉक्टरकडे आणखी एक ईसीजी काढतो. फाइल जाड होत जाते. घरात तोवर दृष्ट काढून झालेली असते.

आता बंदोबस्त. आधी फास्ट गाडीने जाणं सुटतं. स्लो बरी, दर दोन-तीन मिनिटांनी दार फलाटाला लागतं. मग स्लोमध्येही दाराजवळचीच जागा. मग गर्दी टाळायला पहाटेची गाडी. पाण्याची बाटली, ग्लुकोजची पुडी, जिभेखाली ठेवायची एक गोळी, पूर्ण चार्ज केलेला फोन. नाट्यगृहात कडेची खुर्ची. लग्नात जेवणाची पंगत नको, कारण मधूनच उठता येत नाही. सलूनमध्ये गळ्याभोवती कापड बांधलेलं सहन होत नाही. पुण्याला जायचं तर घाटातले बोगदे आणि वाहनांची कोंडी आधी डोळ्यांसमोर येते. घरून काम करायची मुभा मिळते तेव्हा सगळ्यांना वाटतं, बरं झालं. मोटारीने जातानाही वाटेतली हॉस्पिटलं कुठे कुठे आहेत हे त्याला पाठ असतं. व्यायामही सुटतो, कारण जिना चढल्यावर जी धडधड होते ती नेमकी तशीच वाटते.

बाहेरून पाहणाऱ्याला यातली एकेक गोष्ट शहाणपणाची वाटते. प्रत्येक टाळाटाळीनंतर हायसं वाटतं आणि ते हायसं वाटणंच बक्षीस ठरून टाळाटाळ पक्की होते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मॉवरर यांनी १९४०च्या दशकातच मांडलं होतं. शिवाय जे टाळलं त्याचा खरेखोटेपणा तपासायची संधीच उरत नाही. बाटली जवळ होती म्हणून काही झालं नाही, कडेला बसलो म्हणून निभावलं. बाटली नसती तरी निभावलं असतं, हे कधी कळतच नाही.

हे काही मुंबईच्या लोकलने जन्माला घातलेलं नाही. बर्लिनचे डॉक्टर कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन छापलं, ज्यांना शहरातला मोकळा चौक ओलांडता येत नव्हता. पाय अडखळत, धडधड होई, मरण येतंय असं वाटे. सोबत कोणी असलं, जवळून एखादी गाडी जात असली किंवा हातात नुसती काठी असली, तरी तेच चौक त्यांना पार करता येत. त्या काळी तिथे हॉस्पिटलचे नकाशे किंवा फोन नव्हते, पण आधार शोधण्याची रीत अगदी आजचीच. भीती खोलीत बंद होण्याची म्हणा की मोकळ्या चौकाची, खाली धास्ती एकच असते: इथे झटका आला तर निसटायचं कसं?

झटका आणि धास्ती ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, हे न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात फार मजेशीर रीतीने उघड झालं. १९६० च्या आसपास तिथले मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन नुकतंच हाती आलेलं इमिप्रामिन हे औषध अशा रुग्णांना देऊन पाहत होते. काही आठवडे गेले. रुग्ण म्हणत, काही फरक नाही. डॉक्टरांनाही फारसा दिसेना. वॉर्डातल्या नर्सनी मात्र सांगितलं, की हे रुग्ण पूर्वी दिवसातून कित्येकदा ‘मी मरतोय’ म्हणत आमच्या टेबलाकडे धावत यायचे, ते आता येत नाहीत. औषधाने झटके थांबवले होते. पण पुढचा झटका येईल ही धास्ती जशीच्या तशी होती, म्हणून रुग्णाच्या लेखी काहीच बदललं नव्हतं. एकटं बाहेर पडायला ते अजूनही तयार नव्हते.

क्लाइन यांनी नंतर १९९३ मध्ये असाही तर्क मांडला, की शरीरात गुदमरण्याची सूचना देणारा एक भोंगा असतो आणि काही लोकांत तो फोडणीच्या धुरालाही आग समजून वाजतो. त्याला धरून २०१३ मध्ये एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेत एका दुर्मीळ आजाराने दोन्ही बाजूंचे अमिग्डाला नष्ट झालेली एक बाई आहे. शास्त्रीय लेखांत तिला फक्त ‘एस. एम.’ म्हणतात. साप हातात घेताना, भुताटकीचा देखावा पाहताना, कोणी चाकू दाखवला तेव्हाही तिला भीती वाटली नव्हती. आयोवाच्या संशोधकांनी तिला मास्कमधून ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेला एक श्वास दिला, आणि तिला चक्क पॅनिक अटॅक आला. तिच्यासारखाच मेंदू असलेल्या दोन जुळ्या बहिणींनाही आला. म्हणजे बाहेरच्या धोक्याची भीती आणि शरीराच्या आतून उठणारी घबराट यांचे रस्ते काही अंशी निराळे आहेत. वर मी सगळं काम अमिग्डालाच्या गळ्यात घातलं, ते या अर्थाने अर्धं चित्र झालं. झोपेत, कुठलंही स्वप्न नसताना, माणूस दचकून झटक्यातच जागा होतो, ते कोडंही याने थोडं सुटतं.

आता उपचार. त्यातला सगळ्यात परिणामकारक भाग पाहिला तर घरच्या लोकांना धक्का बसतो, कारण थेरपिस्ट रुग्णाला मुद्दाम झटक्याच्या खुणांमध्ये ढकलतो. हृदयविकार, दमा, फिट्स वगैरे काही नाही याची डॉक्टरकडून खात्री केल्यावरच. नाक चिमटीत धरून बारीक स्ट्रॉने एक मिनिट श्वास घ्यायचा. फिरत्या खुर्चीत गरगर फिरायचं. एक मिनिट भराभर श्वास घ्यायचा.

“मुंग्या आल्या?”

“आल्या. ओठांभोवती.”

“गाडीत आल्या होत्या तशाच?”

“डिट्टो.”

“मग आता काय होईल असं वाटतंय?”

रुग्ण इथे बहुतेक वेळा घुटमळतो. गाडीत ज्या मुंग्यांचा अर्थ मरण असा होता, त्याच मुंग्या खुर्चीत बसून, स्वतःच्या श्वासाने, मागवून आणल्यासारख्या आल्या आहेत. हाच प्रयोग दहा, वीस वेळा केला की शरीराच्या खुणांना चिकटलेला अर्थ सैल होऊ लागतो. मग बाहेरची पायरी. दादर ते वांद्रे स्लो, मग अंधेरीपर्यंत, मग फास्ट, मग गर्दीची फास्ट. बाटली घरी. गोळी घरी. आणि मुख्य अट अशी, की भीती वाढली म्हणून मध्येच उतरायचं नाही.

‘दीर्घ श्वास घ्या’ या सल्ल्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. घाबरलेला माणूस ‘दीर्घ’ म्हणजे मोठा समजतो, हवा गिळतो आणि उरलासुरला कार्बन डायऑक्साइड घालवतो. सांगायचंच तर ‘हळू सोड’ म्हणून सांगावं. कागदी पिशवीत श्वास घ्यायची जुनी युक्ती तर सोडूनच द्यावी, कारण समोरच्याला खरोखर दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ती जिवावर बेतू शकते. आणि श्वासाचा व्यायाम कितीही चांगला असला, तरी ‘तो केला म्हणून वाचलो’ असं झालं की त्याचीही पाण्याची बाटली होते.

औषधं उपयोगी पडतात. सर्ट्रालिन, एसिटालोप्रामसारख्या गोळ्यांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात अस्वस्थता उलट वाढू शकते. ते आधी सांगितलेलं नसलं की बरेच लोक तिथेच गोळी सोडतात. अल्प्राझोलमचं प्रकरण वेगळं. ती पंधरा-वीस मिनिटांत हातपाय सैल करते, म्हणूनच तिची सवय लागते आणि ती एकदम बंद केली तर घबराट दुपटीने परतते. ती शेड्यूल एच-१ मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाही आणि विक्रीची नोंद ठेवायची. ‘असू दे खिशात’ म्हणून शेजाऱ्याने दिलेली पट्टी घेऊ नये. कुणाकडे जावं हेच कळत नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

घरच्यांचं काम अवघड असतं. “अहो, मी येते ना सोबत स्टेशनपर्यंत,” असं बायको प्रेमानेच म्हणते. पहिले काही दिवस ते ठीकही आहे. पण वर्षभरात ती वेस्टफालच्या रुग्णाच्या हातातली काठी होऊन बसते. तिची नोकरी, तिचं माहेर, मुलांच्या शाळेच्या वेळा, सगळं त्याच्या गाडीच्या वेळेला बांधलं जातं. आजारी एक आणि घरात अडकलेले चार. तिने उपचाराच्या एखाद्या बैठकीला सोबत बसावं, आणि कुठल्या आठवड्यापासून आपण यायचं थांबवायचं हे तिघांनी मिळून ठरवावं. झटका येत असताना “काही होत नाहीये तुम्हाला” म्हणून वाद घालण्यापेक्षा “येतोय, कळतंय मला, दहा मिनिटांत उतरायला लागेल” एवढं म्हणणं पुरतं.

बरं झालेल्यांपैकी काहींना पुढे पुन्हा एखादा झटका येतो आणि ते हबकतात: सगळं पाण्यात गेलं. इथे पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांचा धडा कामाला येतो. घंटेनंतर अन्न देणं बंद केलं की लाळ थांबते, पण काही दिवसांनी तीच घंटा वाजवली की थोडी लाळ परत सुटते. जुनं शिकलेलं पुसलं जात नाही, त्याच्यावर नवं शिकलेलं बसतं, आणि थकवा किंवा अनोळखी जागा मिळाली की जुनं वर डोकं काढतं. म्हणून उपचार संपवताना चांगला थेरपिस्ट आधीच सांगून ठेवतो, की असा एखादा झटका येईल, बहुधा जागरणाच्या, आजारपणाच्या किंवा घरातल्या काळजीच्या दिवसांत. आला तर त्याच आठवड्यात, जमल्यास दुसऱ्याच दिवशी, त्याच ठिकाणी पुन्हा जायचं. रजा टाकायची नाही, रस्ता बदलायचा नाही. आणि ईसीजी पुन्हा कधी काढायचा, कधी नाही, हे आपल्या डॉक्टरांशी बोलून आधीच कागदावर लिहून ठेवायचं.